कोऱ्या पानांआधी
(गोदा-मांजराकाठच्या ऋतुवहीची प्रस्तावना)

गोदावरीच्या काठावर एक तारीख अशी आहे, जी दाते पंचांगात नाही आणि भिंतीवरच्या कालनिर्णयातही नाही : १ जुलै. त्या दिवशी धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे चौदाही दरवाजे उचलले जातात. महाराष्ट्राचे, तेलंगणाचे आणि केंद्रीय जल आयोगाचे अधिकारी बंधाऱ्यावर जमतात, आकडे लिहून घेतात, आणि उन्हाळ्यातून जे काही पाणी उरले असेल ते खाली पोचमपाड धरणाकडे निघते. २८ ऑक्टोबरपर्यंत दरवाजे वरच असतात. दुसऱ्या दिवशी ते खाली येतात. मध्ये १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी तेलंगणासाठी सोडायचे. हे सगळे सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी ठरवून दिले. म्हणजे नदी भरून वाहण्याच्या चार महिन्यांत बंधारा उघडा, आणि पाऊस परतल्यावर मागून जे येईल तेवढेच आपले. धर्माबाद-उमरीच्या शेतकऱ्याला या निकालाबद्दल काय वाटते ते इथे सांगायला नको. पारावर बसलात तर अर्ध्या तासात कळेल.

पण झाडे आणि पाखरे बघणाऱ्याला १ जुलै ही तारीख मृगाइतकीच महत्त्वाची आहे. मृग ७ किंवा ८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ ला, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. हे आभाळाचे वेळापत्रक. दुसरे दरवाजांचे. काठावरचा करंज, वाळूवर अंडी घालणारी टिटवी, डोहातला मरळ यांना दोन्ही लागू आहेत, आणि कुठल्या बदलामागे कोणते आहे हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. त्यासाठी लिहून ठेवावे लागते. म्हणून या वहीच्या प्रत्येक पानाला डावीकडे नक्षत्राचा रकाना आहे, उजवीकडे पाण्याचा. मधली जागा तुमची. आणि म्हणूनच ती जानेवारीपासून किंवा पाडव्यापासून सुरू न होता १ जुलैला सुरू होते.

नदीकाठच का, असे कोणी विचारील. याचे उत्तर लातूर-नांदेड जिल्ह्यांच्या नकाशात आहे. राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत लातूरचा नंबर लागतो. चाकूर तालुक्यातले वडवळ नागनाथचे संजीवनी बेट, जिथे पावसाळ्यात लोक औषधी वनस्पती शोधत जातात, असे दोन-चार तुकडे सोडले तर बाकी सगळी काळी जमीन नांगराखाली आहे. नांदेडचे तसे नाही. किनवट-माहूरकडे सरकावे तसा पाऊस वाढतो, साग, मोह, तेंदू सुरू होतात, पैनगंगेचे अभयारण्य लागते. तिथल्या गोंड, कोलाम, आंध घरांना मोहाचे फूल केव्हा गळते हे वहीत लिहावे लागत नाही, कारण त्या पहाटे टोपली घेऊन उठावेच लागते. पण लोहा, कंधार, अहमदपूर, औसा, रेणापूर या पट्ट्यात मोठी, जुनी, कोणी न लावलेली झाडे उरली आहेत ती गावठाणात, देवळाजवळ, बांधावर आणि नदी-ओढ्याच्या थडीला. आमचे जंगल म्हणाल तर ते असे आहे : लांबच लांब आणि दोन झाडे रुंद. ते बघायला ताडोब्याची गाडी करावी लागत नाही. मात्र तिथे वाघ दिसणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

जागा कोणतीही चालेल. नांदेडकरांना विष्णुपुरीचा जलाशय आहे, आसना गोदावरीला मिळते तो भाग आहे, शहरातले नगिना घाट, गोवर्धन घाट आहेत. २००८ च्या गुरुता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने शहरातल्या घाटांवर बरेच काम झाले. फरशी आली, पायऱ्या आल्या, आणि फरशीच्या पलीकडे जिथे बांधकाम थांबले तिथे निरगुडी, लव्हाळा आणि बेशरम पुन्हा उगवले. ती सीमारेषा मला घाटापेक्षा जास्त बघण्यासारखी वाटते. लातूरकरांना मांजरा आहे. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगवून ७२४ किलोमीटरचा वळसा घेत ती शेवटी कंदकुर्तीला गोदावरीलाच मिळते. वाटेत साई, नागझरी, पोहरेगाव, डोंगरगाव अशी बराजांची साखळी आहे. बराजामुळे नदी वाहती राहिली नाही, तळ्यांची माळ झाली. मात्र त्याच तळ्यांमुळे थडीच्या झाडांच्या मुळाशी मार्चपर्यंत ओल टिकते. चांगले की वाईट, हा वाद चालू राहील. नोंद करणाऱ्याने बराजाच्या वरचे एक झाड आणि खालचे एक झाड असे दोन्ही निवडावे, म्हणजे वादात बोलायला काही हाती असेल.

हाती काही नसण्याचे एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. २०१६ च्या एप्रिलात मांजरा धरण कोरडे पडले होते आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली : दहा वाघिणी, पाच लाख लिटर. गाडीचे नाव, वेळ, लिटर, पुढच्या खेपा, सगळे देशभरच्या वर्तमानपत्रांत आहे. पण त्या उन्हाळ्यात मांजराकाठच्या करंजांना पालवी फुटली का, फुटली तर नेहमीपेक्षा किती उशिरा? जांभळांनी फळ धरले का? डोह आटल्यावर खंड्या कुठे गेले, विहिरींवर की थेट जिल्हा सोडून? यातली एकही गोष्ट लिहिलेली मला कुठे सापडली नाही. त्याच वर्षी परतीच्या पावसाने धरण भरले. पाणी आल्यावर कोणते झाड आधी सावरले, कोणते वाळून गेले ते पुढच्या उन्हाळ्यात सरपणाच्या मोळ्यांवरून ओळखता आले असते, कोणी बघितले असते तर. लोक तेव्हा घागरीच्या रांगेत होते, हे मान्य. म्हणूनच ही सवय बऱ्या वर्षात लावून घ्यायची. दुष्काळात नवी सवय कोणालाच लागत नाही.

झाडांपासून सुरुवात करा, कारण ती उडून जात नाहीत. पहिले झाड करंजाचे घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पाने टाकतो, जेमतेम काही दिवस उघडा राहतो आणि ऐन उन्हात पोपटी होऊन उभा राहतो. मग एप्रिल-मेमध्ये फिकट गुलाबी-पांढऱ्या फुलांचा सडा. सगळ्यांत कोरड्या महिन्यांत नवी पालवी फोडायची हा उलटा कारभार फक्त करंजाचा नाही. पिंपळ, कडुनिंब, जांभूळ, सगळ्यांचा कमीअधिक तोच आहे. पाऊस आल्यावर पाने यावीत, ही आपली शेतकरी समजूत. झाड पावसाची वाट बघत नाही. वाढता दिवस आणि चढती उष्णता हे त्याला पुरेसे इशारे असतात, आणि खोल मुळांना व खोडात साठवलेल्या ओलाव्याला तेवढी उधारी परवडते. अभ्यासकांचा एक कयास असाही आहे की पावसाबरोबर अळ्या-किड्यांची फौज उतरते, त्याआधी कोवळे पान निबर करून घेणे झाडाच्या फायद्याचे असते. कयास पटो न पटो, तो तपासण्याची सोय आपल्या थडीवर आहे : करंजाचे पान जूनमध्ये किती खाल्लेले असते आणि ऑगस्टमध्ये किती, एवढेच बघायचे.

पळस, पांगारा, काटेसावर ही झाडे तर पाने नसतानाच फुलतात. निष्पर्ण फांदीवर तांबडे-केशरी फूल लांबून दिसते, आणि ज्यांना दिसायला हवे त्या मैना, कावळे, शिंजीर, खारी सगळे येऊन तोंड रंगवून जातात. पळस होळीला फुलतो असे आपण म्हणतो, पण होळी मागेपुढे होते. म्हणून पहिले फूल, भर फुलोरा आणि शेवटचे फूल अशा तीन तारखा लिहा, सणाचे नाव लिहू नका. पळसाच्या चपट्या शेंगा वळवाच्या वावटळीत सुटतात. जांभळाचे बी पिकल्या पिकल्या रुजावे लागते, ते फार दिवस टिकत नाही. म्हणून ते फळ मृगाच्या तोंडावर पिकते. फूल कुठल्या महिन्यात, याचे उत्तर पुष्कळदा बी कुठल्या महिन्यात पडायला हवे यात दडलेले असते. चिंचेचे मात्र वेगळेच : फुलोरा पावसाळ्याच्या तोंडाशी, आणि आकडे पिकायला पुढचा शिमगा.

आणि उंबर. उंबर या वहीला दाद देणार नाही. एका थडीवर चार उंबर असतील तर एक फळांनी लगडलेला, एकाला नुकती कच्ची दोडी, एक रिकामा. याचे कारण त्याच्या पोटात आहे. उंबराचे फूल फळाच्या आत असते आणि त्याचे परागण करणारी चिमुकली माशी एकदा फळातून बाहेर पडली की एक-दोन दिवसच जगते. तेवढ्यात तिला दुसरा, योग्य वेळेला आलेला उंबर सापडला पाहिजे. सगळे उंबर एकदम पिकले असते तर ती जातच संपली असती, आणि तिच्याबरोबर उंबरही. म्हणून प्रत्येक झाडाचे घड्याळ वेगळे. बाकी काही पिकलेले नसताना राखी धनेश, हरियाल, वटवाघळे उंबरावर जगतात ती याच गैरशिस्तीवर. उंबराला वहीत स्वतंत्र पान द्या आणि त्यावर ऋतूंची नावे लिहू नका.

दोन उपऱ्यांचीही दखल घ्यावी लागेल. वेडी बाभूळ आणि जलपर्णी. वेडी बाभूळ पडीक थडी व्यापते, तिला ऋतूची फारशी पर्वा नाही, वर्षभर कुठेतरी हिरवी असते. लोक तिला शिव्या देतात आणि तिच्याच लाकडावर चूल पेटवतात. जलपर्णी साचलेल्या, सांडपाणी मिसळलेल्या पाण्यावर माजते. तिचा जांभळा फुलोरा बघून फोटो काढणारे पुष्कळ. तिच्या पानांवरून कमळपक्षी चालतात, जांभळ्या पाणकोंबड्या तिच्यात लपतात, म्हणून पक्षी बघणाऱ्याला तिचा राग मनापासून करता येत नाही. पण पाण्याच्या रकान्यात तिने किती पात्र झाकले हे दर महिन्याला लिहिले, तर शहराच्या सांडपाण्याची ती एक फुकटची मोजपट्टी होईल.

पाखरांकडे वळू. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात चातक येतो, आफ्रिकेकडून, मोसमी वाऱ्याच्या सोबतीने. अशा स्थलांतरी पाखरांच्या आगमनाच्या तारखा सामान्य लोकांकडून गोळा करण्याचा उपक्रम देशात २००७ साली मायग्रंटवॉच या नावाने सुरू झाला. आपल्याकडे पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो, त्याचा आवाज वाढतो तो मे अखेरीस. पण ऐकून कोणी पेरत नाही, आता मोबाइलवर पावसाचा अंदाज येतो. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री बेडूक पिवळे होऊन ओरडतात, सकाळी रानात मखमली लाल मृगाचे किडे निघतात. ही पाने भरायला लहान मुले हवीत, मोठ्यांच्या नजरेतून ते किडे कधीच सुटून गेले आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये विहिरीवर लोंबणाऱ्या बाभळीला सुगरणीचे खोपे लागतात. ज्या बाभळीला पारावरच्या माणसांच्या आठवणीत दरसाल खोपे होते आणि यंदा नाहीत, तिच्याभोवतीची पिके, शिंदीची झाडे आणि विहीर यांचे काय झाले ते बघावे.

भोरड्यांची गोष्ट त्याहून मोठी आहे. मध्य आशियातून त्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात येऊ लागतात आणि एप्रिलमध्ये परततात. हजारोंचा थवा, एका वळणावर सगळा काळा, दुसऱ्या वळणावर गुलाबी. रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की त्यांच्यावर गोफण चालायची, माळ्यावर बसून पोरे दिवसभर डबा बडवायची. आता लातूर म्हणजे सोयाबीनची बाजारपेठ; खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा, ज्वारी उरली ती खायपुरती. भोरडीला सोयाबीन खाता येत नाही. मग थवे घटले, की ते गवतातल्या टोळ-नाकतोड्यांवर आणि नंतर सावर-पळसाच्या फुलांवर भागवतात? पळसमैना हे तिचे दुसरे नाव या शेवटच्या महिन्यांतले आहे. पीकबदलाचा सगळ्यांत बोलका पुरावा थव्याच्या आकारात असेल, असे मला वाटते, आणि तो कृषी खात्याच्या तक्त्यात येणार नाही.

हिवाळ्यात दरवाजे पडलेले असतात, पाणी भरलेले असते : चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, धोबी. हा काळ सोपा आणि सुखाचा, त्यावर जास्त लिहीत नाही. अवघड आहे तो मार्च ते मे. पाणी ओसरले की मधली वाळूची बेटे उघडी पडतात आणि त्यांवर नदी सुरय, आर्ली, छोटा चिखल्या उघड्यावरच अंडी घालतात. त्याच महिन्यांत वाळूचे ट्रॅक्टर उतरतात, कलिंगड-खरबुजाच्या वाड्या लागतात, कुत्री हिंडतात, आणि कुठे आवर्तनाचे पाणी सुटते. यातल्या कुठल्या कारणाने किती घरटी जातात ते कोणी मोजले असेल तर ते काठापर्यंत पोचलेले नाही. बेटाजवळ जाऊ नका, काठावरून दुर्बिणीने बघा. तुमच्या पावलांचा माग काढत कावळे येतात.

कावळ्यावरून आठवले. कावळ्याने करंजावर, आंब्यावर घरटे केले की पाऊस चांगला, बाभळीवर-सावरीवर केले की ओढ. टिटवीने पात्रात अंडी घातली की पाऊस कमी, उंच बांधावर घातली की पूर. दरसाल मेमध्ये ही चर्चा वर्तमानपत्रात येते आणि जूनमध्ये विसरली जाते. या ठोकताळ्यांची परंपरा जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत ‘कुसुमलता’ नावाचा एक अध्यायच झाडांच्या फुलोऱ्यावरून पिकांचे भाकीत करण्यावर लिहिला. हसून सोडून देणारे आणि डोळे मिटून मानणारे, दोघांचाही मला कंटाळा आहे. आता प्रत्येक महसूल मंडळात पर्जन्यमापक आहे. घरटे कुठल्या झाडावर, किती उंचीवर, हे वहीत. पाऊस किती, तो तहसीलच्या आकड्यात. दहा वर्षे शेजारी-शेजारी लिहिले की कावळ्याचा निकाल लागेल.

दहा वर्षे म्हणजे फार नाहीत. इंग्लंडच्या नॉरफोकमध्ये रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ मध्ये पहिली पालवी, पहिले पाखरू यांच्या तारखा लिहायला घेतल्या. त्याच्या घराण्याने त्या १९५८ पर्यंत चालू ठेवल्या. जपानात क्योतोच्या चेरी-फुलोऱ्याच्या तारखा नवव्या शतकापासूनच्या दरबारी रोजनिशींतून गोळा झाल्या आहेत, आणि म्हणूनच २०२१ चा २६ मार्चचा फुलोरा तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा, असे कोणी म्हणू शकले. आपल्याकडे सलीम अलींनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली, नांदेड-लातूर तेव्हा त्याच संस्थानात. पण ती पाहणी होती, दरसालची नोंद नव्हे. २०१० च्या सुमारास सुरू झालेल्या सीझनवॉच या झाडांच्या नोंदींच्या उपक्रमाला सर्वांत जास्त नोंदी केरळच्या शाळकरी मुलांनी दिल्या. मराठीत दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ पासून आहे. चैत्र ते फाल्गुन ते वाचून ज्याची नजर बदलली नाही असा मराठी वाचक विरळा. मात्र त्यातली झाडे वाचून आपल्या थडीवरची झाडे कळत नाहीत. ते साहित्य आहे, ही वही आहे. इथे सुंदर लिहिण्याची कोणावर सक्ती नाही.

मोजदादीसाठी वर्षातला एक दिवस मात्र मी आग्रहाने सुचवतो : येळवस. वेळ अमावस्येला लातूर शहराचे रस्ते ओस पडतात, कारण जो तो रानात असतो. नांदेड, धाराशिवकडच्या भागातही तेच. कडब्याच्या कोपीतली पूजा, भज्जी, उंडे, आंबील, आणि जेवण झाल्यावर बांधावर लवंडलेली तीन पिढ्यांची माणसे. एवढे डोळे एकाच वेळी शिवारात हजर असण्याची सोय वर्षातल्या दुसऱ्या कुठल्या दिवशी नाही. आंबील पिऊन झोप यायच्या आत अर्धा तास ओढ्याकाठी जायचे आणि दिसेल ते लिहायचे : किती भोरड्या, किती टिटव्या, बाभळीला फूल आहे की शेंग, ओढ्याला पाणी कुठवर आहे, रोही आणि हरणे बांधाच्या अलीकडे की पलीकडे. रोह्यांबद्दल वेगळे विचारायला नको, शेताचा मालक आपणहून आणि तिखट शब्दांत सांगेल. तेही लिहा.

लिहिण्याच्या पद्धतीविषयी थोडे. ‘काही नाही’ हीसुद्धा नोंद आहे. गेलात, पाहिले, फूल नव्हते, तर तसे तारखेसह लिहा, कारण रिकाम्या पानावरून पुढच्या माणसाला फूल नव्हते की तुम्ही गेला नव्हता हे कळत नाही. घरात ज्या नावाने पाखरू ओळखले जाते ते नाव आधी लिहा, पुस्तकी नाव नंतर सापडले तर सापडले. उदगीर-देगलूरच्या बाजूला कानडी-तेलुगू नावे निघतील, किनवटला गोंडी-कोलामी; ती तशीच येऊ द्या. झाड तोडले गेले तर त्याचे पान फाडू नका, तोडल्याची तारीख टाका आणि शेजारचे झाड घ्या. पुरात काठच खचला तरी तेच.

पहिल्या पानावर जागा, झाड आणि काठ एवढेच विचारले आहे. काठ डावा की उजवा, ते पाणी ज्या दिशेला वाहते तिकडे तोंड करून ठरवायचे. एप्रिलमध्ये वही हाती घेतलीत आणि पाणी हलतच नसेल, तर पुलावर बसलेल्या जुन्या माणसाला विचारा.